त्या पिक्चरमधला आमचा माणूस

पिक्चरला गेलं की मी पडद्याकडं कमी आणि माणसांकडं जास्त बघते. आमचे हे म्हणतात, तुझं तिकीट वायाच जातं. जाऊ दे. इतकी वर्षं झेडपीच्या शाळेत पोरं हाकली, तोंडं वाचायची सवय लागली ती लागलीच. कोण खरं रडतंय, कोण शेजारणीला सोबत म्हणून नाक ओढतंय, कोण अंधार बघून डुलकी काढतंय, सगळं मला बरोबर कळतं.

गेल्या हिवाळ्यात लेक मला सावेडीतून स्कूटरवर बसवून नव्या थिएटरात घेऊन गेली. देशात खरोखर घडलेल्या एका मोठ्या दुःखावर पिक्चर होता. खुर्च्या अशा मऊ की माणूस बसला की बुडतोच. पुढच्या रांगेत चार जण मक्याच्या लाह्यांची बादली मांडीवर घेऊन बसले होते. पडद्यावर माणसं मरत होती आणि यांचे हात बादलीत चालू. शेवटी घोषणा झाल्या, आणि एक जण उभा राहून मोबाईलमध्ये स्वतःचंच रडणं टिपायला लागला. एकदा नीट आलं नाही म्हणून परत रडला. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू. मी म्हटलं, "अहो, तुमचं झालं असेल तर खाली बसा, मागच्यांना दिसत नाही." लेकीनं माझा दंड धरला. "आई, हळू बोल."

हळू बोलायची सवय आमच्या घराण्यात कुणाला नाही. परत येताना स्कूटरवर मागं बसून मी गप्प होते ती रागानं नाही. मला नगरच्या जुन्या थिएटरातली एक दुपार आठवत होती, आणि माझी आई.

आम्ही मूळचे कोपरगावकडचे. वडील साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, उसाच्या गाड्या मोजायचे. आमची खोली कारखान्याच्या चाळीत. उसाचा गळीत हंगाम संपला की जत्रांचे दिवस यायचे, आणि जत्रेत तंबूचा सिनेमा. ट्रकमधून मशीन यायचं, माळावर तंबू उभा राहायचा, आणि दिवसभर भोंगा गावाच्या कानीकपाळी ओरडायचा. आम्ही घरून पोतं न्यायचो, मातीवर अंथरायचं आणि बसायचं. काय दिवस होते. आताच्या मऊ खुर्चीत मला पाठदुखी होते, तेव्हा त्या ढेकळांवर तीन तास बसून काही होत नव्हतं.

तंबूत कुणी गप्प बसून पिक्चर बघत नसे. खलनायकाला शिव्या, नायकाला सल्ले, नायिकेला सबुरीचे चार शब्द, सगळं मोठ्यानं. आणि आमच्या चाळीतल्या बायकांचा एक खास खेळ होता. पडद्यावर बाजार आला, लग्न आलं, गर्दी आली की त्या गर्दीत आपला माणूस शोधायचा. नायकनायिका गेले उडत, मागं जी माणसं नुसती उभी असतात, चालत जातात, त्यांच्यात. "ती बघ, हुबेहूब संवत्सर गावची मावशी." "अगं तो टोपीवाला बघ, तुझा सासरा. तसाच वाकडा चालतोय." मग हशा. ज्याचा माणूस पडद्यावर सापडला त्यानं सगळ्यांना शेंगदाणे द्यायचे.

या खेळात आईचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिची नजर घारीची. नायक गाणं म्हणत असायचा आणि आई त्याच्या खांद्यावरून पलीकडं बघत असायची. मीही माणसं बघते ती तिचीच शिकवण असावी.

माझा धाकटा भाऊ मात्र यातलं काहीच करायचा नाही. तो झोपायचा. नावांच्या पाट्या संपल्या, पहिलं गाणं लागलं की हा आडवा. चपला काढायच्या, एकावर एक ठेवून डोक्याखाली घ्यायच्या, तोंड तंबूच्या कापडाकडं करायचं आणि गाढ. मारामारी होऊ दे, बंदुका वाजू दे, याचा डोळा उघडत नसे. वडील त्याला खांद्यावर टाकून घरी आणायचे आणि सकाळी हा मलाच विचारायचा, "ताई, काय झालं गं शेवटी?" मी मनाला येईल ते सांगायचे. एकाच पिक्चरचे तीन-तीन शेवट सांगितलेत मी त्याला. तो सगळे खरे मानायचा.

पुढं वडील गेले, आम्ही नगरला आलो. मी नोकरीला लागले, लग्न होऊन सावेडीत गेले. आईनं केडगावात दोन खोल्यांचं घर केलं. भाऊ मुंबईला एका कंपनीच्या गोदामात लागला. लग्न केलं नाही त्यानं. का, ते विचारून विचारून आई दमली. पण नाताळाच्या आधी महिनाभर तो रजा टाकून यायचाच. घराला चुना त्यानं स्वतः मारायचा, ही त्याची वहिवाट. आई भिंतीला हात लावू देत नसे दुसऱ्या कुणाला. म्हणायची, "माझा गवंडी मुंबईहून येतोय, त्याला काय दाखवू मग?"

त्या वर्षीही तो असाच निघाला होता. मुंबईच्या मोठ्या स्टेशनात गाडीची वाट बघत होता. मनमाडपर्यंत एक गाडी, तिथून नगरला दुसरी. त्याच रात्री स्टेशनात गोळीबार झाला. सगळ्या देशाला ती रात्र ठाऊक आहे, मी नव्यानं काय सांगायची. आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. आमचे हे आणि चर्चच्या मंडळीतले दोघं मुंबईला जाऊन त्याला घेऊन आले. आईला फक्त तोंड दाखवलं.

आई रडली नाही. चुन्याची पिशवी आणून ठेवली होती दाराशी, तिच्याकडं बघत बसायची. जेवण नाही, बोलणं नाही. शेजारपाजारचे येत होते. तेव्हा टीव्हीवर दिवसभर शूरवीरांची नावं चालली होती, चौकाचौकात त्यांचे फोटो लागले होते. ते योग्यच होतं, माझी तक्रार नाही. पण भेटायला येणारा प्रत्येक जण आम्हाला विचारायचा, "पण हे तिथं काय करत होते?" गाडीची वाट बघत होता, म्हटलं की लोक मान हलवायचे. एक गृहस्थ तर आईच्या समोर म्हणाले, "अरेरे. विनाकारण गेला बिचारा." त्या माणसाचं तोंड मी अजून विसरलेले नाही. विनाकारण हा शब्द त्यांनी असा टाकला, जसा कुणी चहात दुसरा चमचा साखर टाकतो.

आता जे सांगायचं ते सांगते.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत साक्ष द्यायची पद्धत आहे. प्रार्थना सभेत कुणीही उभं राहतं आणि देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते चार माणसांत सांगतं. साक्षीला उभं राहिलेल्या माणसाला मध्येच कुणी तोडत नाही. आणि तो बोलतोय ते खोटं असेल, हे कुणाच्या मनातसुद्धा येत नाही. भावाच्या स्मरणार्थ सभा होती, केडगावात आमच्याच दारापुढं मांडव घालून. पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का. मी उभी राहिले. खरं तर मला एवढंच म्हणायचं होतं की तो चांगला भाऊ होता. पण समोरच ते गृहस्थ बसले होते, तेच, साखरेच्या चमच्यावाले. आणि शेजारी आई, दगडासारखी.

माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, स्टेशनातल्या एका हमालानं आम्हाला सांगितलं. गोळ्या सुटल्या तेव्हा एक लहान मुलगी आईपासून सुटून मध्येच उभी होती. माझ्या भावानं धावत जाऊन तिला खांबामागं ढकललं. ती वाचली. याला गोळी लागली. मुलीनं पिवळा फ्रॉक घातला होता.

पिवळा फ्रॉक. बघा, खोटं बोलताना माणूस किती नीट बोलतो. मी रविवारच्या शाळेत मुलांकडून दहा आज्ञा पाठ करून घेतलेली बाई. खोटी साक्ष देऊ नये हे मीच शिकवलेलं. पण सगळ्या मांडवातून एक मोठा उसासा आला, बायका पदर डोळ्याला लावायला लागल्या, त्या गृहस्थांनी मान खाली घातली, आणि आईनं चार दिवसांत पहिल्यांदा वर बघितलं. माझ्याकडं. मग ती रडली. पोटातून रडली. संध्याकाळी तिनं अर्धी भाकरी खाल्ली. मला वाटलं, झालं, भरून पावलं. यासाठी देव काय शिक्षा देईल ती देवो.

आमच्या ह्यांना अर्थातच माहीत होतं की असा कुणी हमाल भेटला नव्हता. ते मला फक्त म्हणाले, "आता हे सांभाळावं लागेल तुला." आणि सांभाळलंच. ती गोष्ट मंडळीत पसरली, गल्लीत पसरली, पाळकसाहेबांनी उपदेशात घेतली. गल्लीत एक रिटायर नर्सबाई राहायच्या, सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. त्या तर नव्या येणाऱ्या प्रत्येकाला आईची ओळख तशीच करून द्यायच्या, "या बघा, ज्यांच्या मुलानं त्या मुलीला वाचवलं." आई काही बोलायची नाही. मान हलवायची. मला वाटायचं, अभिमान वाटत असेल.

चार-पाच वर्षं गेली आणि त्या हल्ल्यावरचा पिक्चर आला. मोठे नट, मोठा गाजावाजा. सिस्टरबाईंनी पेपरात वाचलं की स्टेशनचा सगळा प्रसंग जसाच्या तसा घेतलाय, आणि त्या आमच्या आईकडं धावत आल्या. "मावशी, त्यात आपला असणार. मुलीला वाचवतानाचं असणारच. एवढी मोठी गोष्ट ते सोडतील होय?" संध्याकाळपर्यंत महिला मंडळाच्या बावीस बायकांचं ठरलं. शनिवारचा दुपारचा खेळ.

मला फोन आला. मी रिक्षा करून केडगावला गेले. म्हटलं, "आई, नको जाऊ. त्यात नुसता गोळीबार आहे. तुला सोसायचं नाही."

आई गहू निवडत होती. म्हणाली, "मला बघायचंय."

"काय बघायचंय?"

"टेसन बघायचंय. मी कुठं बघितलंय ते? कुठं बसला हुता, वर पंखा हुता का न्हाई, आजूबाजूला मानसं कशी हुती. तुमी कुनी मला सांगितलं न्हाई."

मी म्हटलं, "अगं, ते खरं स्टेशन नसतं, सेट असतो."

"असू दे की."

आता काय करणार. त्या शनिवारी मी जीव मुठीत धरून गेले. मला भीती एकच. पिक्चरात मुलगी नसणार, पिवळा फ्रॉक नसणार. बावीस बायका बाहेर येऊन विचारतील, मग हे कसं. आई माझ्याकडं बघेल. एकदा तिच्या मनात आलं की ताईनं रचलं, तर जी अर्धी भाकरी तेव्हा खाल्ली ती परत उलटेल.

ते थिएटर आता राहिलं नाही. जिन्यावर पानाच्या पिचकाऱ्या, खुर्च्यांचं लाकूड बुडाला टोचायचं, पंखे पिक्चरपेक्षा मोठ्यानं बोलायचे. पण तिथं माणसाला माणसाचा शेजार असायचा. सिस्टरबाईंनी दारावरच्या माणसाला आई कोण ते सांगून टाकलं. जिभेला हाड नव्हतं त्या बाईच्या. त्यानं आईला बाल्कनीच्या पहिल्या रांगेत मधोमध बसवलं, नवऱ्या मुलाच्या आईला बसवतात तसं. बाकीच्या बायका दोन्हीकडं पांढऱ्या, फिकट साड्यांत. खाली स्टॉलच्या खुर्च्यांत कॉलेजची पोरं, भिंगारकडचे दोन-चार जुने फौजी, बाजाराला आलेली खेड्यातली माणसं. सगळ्यांना कळलं होतं. लोक मागं वळून वर बघत होते.

पिक्चर सुरू झाला. पोलिसांच्या गाड्या आल्या की शिट्ट्या, हल्लेखोर दिसले की शिव्या, त्याही घसघशीत नगरी. एरवी मीही दोन हाणल्या असत्या. पण त्या दिवशी मी पडद्यावर पिवळा फ्रॉक शोधत बसले होते. मग स्टेशन आलं. बोचक्यांवर बसलेली माणसं, वेणी घालून घेणारी पोरगी, चहावाला, कुणी पेपर अंथरून जेवतंय, कुणी लोळतंय. सगळं थिएटर एकदम शांत झालं. पुढं काय होणार हे प्रत्येकाला ठाऊक होतं आणि पडद्यावरच्या माणसांना ठाऊक नव्हतं. खालून एक म्हातारा फौजी म्हणाला, "उठा रे. जा रे तिथून." कुणी हसलं नाही.

मी आईकडं बघितलं. ती पुढं वाकली होती आणि तिची नजर गर्दीवरून सावकाश फिरत होती.

गोळ्या सुटल्या. किंकाळ्या, धावपळ. बायकांनी तोंडाला पदर लावले. आणि मग, मी शपथेवर सांगते, पडद्यावर एक मूल आलं. गर्दीत एकटं, रडत. निळ्या शर्टातला एक माणूस कुठूनसा धावत आला, त्यानं मुलाला उचललं, खांबामागं फेकलं आणि स्वतः पडला. पिक्चर लिहिणाऱ्यालाही तेच सुचलं होतं जे मला मांडवात सुचलं होतं. आपली सगळ्यांची अक्कल एकाच रस्त्यानं जाते.

थिएटर पेटलं. टाळ्या, शिट्ट्या, घोषणा. माझा जीव भांड्यात पडला. सिस्टरबाईंनी आईचा हात घट्ट धरला आणि सगळ्या बाल्कनीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मावशी, हाच. हाच आपला. मुलीच्या जागी मुलगा घेतलाय, पिक्चरवाले बदलतात थोडं. पण हाच." मागून कुणीतरी आईच्या खांद्याला हात लावला. खालून दोन-तीन पोरं उभी राहून वर बघून टाळ्या वाजवायला लागली.

आईनं हात सोडवून घेतला. "न्हाई," ती म्हणाली. "ह्यो आमचा न्हाई."

"अहो मावशी, नट आहे तो, तोंड कसं जुळेल?"

"तोंडाचं न्हाई म्हनत मी. आमचा त्यो." तिनं बोट लांब केलं. "त्यो बघा. भितीकडं निजलाय त्यो."

आम्ही बघितलं. पडद्याच्या अगदी कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून एक माणूस आडवा होता. पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळलेला, डोक्याखाली चपला. गोळीबाराच्या आधीही तो तसाच होता, आता चहूकडं माणसं पडलेली असतानाही तसाच. गेलाय का अजून झोपलाय, काही कळत नव्हतं. पिक्चर काढणाऱ्यानं त्याच्याकडं बघितलंही नसेल, कुणा गरजूला दिवसाची हजेरी देऊन तिथं निजवला असेल. दोन क्षणांत कॅमेरा पुढं गेला.

"त्योच," आई म्हणाली. आणि मागं टेकून बसली. सिस्टरबाईंनी पदर सावरला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी अंधारात कुठं तोंड लपवू असं झालं मला.

इंटरव्हल झाली तशी आई उठली. म्हणाली, झालं माझं बघून. पुढचा पिक्चर तिला नको होता, हल्लेखोर पकडला जाण्याशी तिला देणंघेणं नव्हतं. मी तिला घेऊन खाली आले. जिन्यात एक पोरगा तिच्या पाया पडायला वाकला, तिनं त्याला उठवलं आणि म्हणाली, "सुखी राहा बाबा." एवढंच.

रिक्षात बसलो. स्टेशन रोड संपला. मग तिनं विचारलं, सरळ, भाजीचा भाव विचारावा तसं. "ती पोरगी कुठून आनलीस तू?"

मास्तरकीत भल्याभल्या साहेबांना उत्तरं दिलीत मी. पण आईपुढं मला एक थाप सुचली नाही. म्हटलं, "नव्हती आई. मी रचलं. तो माणूस विनाकारण म्हणाला ना, मला सहन झालं नाही."

"आन हमाल?"

"हमालही नव्हता."

ती बाहेर बघत राहिली. रिक्षावाल्याचे कान मागं होते, हे मला कळत होतं, पण मला त्याचं काही वाटलं नाही. मी म्हटलं, "आई, तू जेवत नव्हतीस. मला वाटलं, कुणाच्या तरी कामी आला असं कळलं तर तुला बरं वाटेल."

"त्यो घरी यायला निघाला हुता," आई म्हणाली. "माझ्याकडं यायला. त्येवढं पुरं हुतं मला."

मी रडायला लागले. ती माझ्या पाठीवर हात ठेवेल असं मला वाटलं, लहानपणी ठेवायची तसा. ठेवला नाही. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. रिक्षा केडगावच्या चढाला लागली तेव्हा ती परत बोलली, माझ्याशी कमी आणि स्वतःशी जास्त.

"मी त्या पोरीचा लई रागराग केला गं. इतकी वर्सं. रोज. म्हनायची, ही कोन भवानी मधीच आली. हिच्या आयनं हिला नीट धरली असती तर माझं लेकरू आज असतं. कुनाची पिवळा फ्रॉक घातल्याली पोरगी दिसली तरी माझ्या पोटात आग पडायची. आन मग दर रविवारी देवाकडं माफी मागायची, बाबा, लहान लेकराचा मी राग करते, मला क्षमा कर." ती थांबली. "आन ती पोरगी नव्हतीच व्हय?"

"नव्हती आई."

"मंग मी कुनाचा राग केला?"

मी रिक्षावाल्याला पुढची गल्ली दाखवली.

घराशी उतरल्यावर ती म्हणाली, "येत्या रविवारी साक्षीला उभी ऱ्हा, आन खरं काय ते सांग. मी सांगितलं तर म्हनतील, म्हातारी चळली." मी हो म्हटलं. रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का. आईनं कोपरानं मला ढोसलं. मी उठले नाही. सगळे काय म्हणतील, शाळेतल्या बाई, रविवारच्या शाळेच्या बाई. मी तिला कानात म्हटलं, पुढच्या रविवारी. तिनं पुढच्या रविवारी परत ढोसलं. मग कधीतरी तिनं ढोसायचं सोडलं. ती माझ्यावर रुसली नाही, बोलणं टाकलं नाही, मी गेले की पिठलं करायची, माझ्या आवडीचं. त्या विषयावर मात्र पुन्हा एक शब्द काढला नाही.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. भरल्या वयात, झोपेत, तिच्या मनासारखी. दफनाच्या वेळी पाळकसाहेब नवे होते. ते मोठ्या आदरानं बोलले. म्हणाले, या माउलीचा मुलगा, ज्यानं एका कोवळ्या मुलीसाठी आपला प्राण दिला. मंडळीनं मान हलवली. सिस्टरबाई माझ्या शेजारी होत्या, आता पार थकलेल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि नजर वळवली. कबरीवर माती पडत होती. साक्षीची वेळ होती, कुणी मला तोडणार नव्हतं, आणि मी गप्प उभी राहिले.

मंडळीपुढं तोंड उघडायला अजूनही होत नाही, म्हणून इथं लिहिते. माझा भाऊ कुणाला वाचवायला गेला नव्हता. तो आईकडं यायला निघाला होता, आणि गाडीला वेळ होता म्हणून जरा आडवा झाला होता.